खुर्चीवरचा योग: घरातल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीही

मुक्ता_ठाणे (धागाकर्ती)

ज्येष्ठांसाठी योग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सतरंजी येते. ज्यांना खाली बसता येत नाही, किंवा बसलं तर उठता येत नाही, त्यांचा विषय तिथेच संपतो. मग उरतं ते टीव्हीसमोरचं बसणं. आमच्याकडे सासूबाई आहेत, वय ७८. दोन्ही गुडघ्यांची झीज, रक्तदाबाची गोळी, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्यासोबत मी बरेच महिने खुर्चीवरचा योग करते आहे. इथे कितीतरी जण घरात कुणाला ना कुणाला सांभाळत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. हा ज्येष्ठांचा एकट्यांचा कार्यक्रम ठेवू नका. सांभाळणाऱ्याने शेजारी दुसरी खुर्ची टाकावी आणि तेच सगळं स्वतःही करावं. समोर उभं राहून "हात वर करा, अजून वर" म्हणत राहिलं की त्याची शाळा होते आणि आठवड्याभरात कंटाळा येतो. शेजारी बसलं की तो दोघींचा वेळ होतो. शिवाय दिवसातून अनेकदा कुणाला तरी उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं असेल, तर आपली कंबर आणि खांदे आधी बोलू लागतात. त्यांच्याकडे बघायला दुसरा वेळ मिळतच नाही.

आणि ध्येय? आसन किती सुबक दिसतं हे ध्येय नाही. खुर्चीतून हाताचा कमीत कमी आधार घेऊन उठता येणं, हे आमचं ध्येय. पलंग, कमोड, जेवणाचं टेबल, रिक्षा, दवाखान्यातलं बाकडं, सगळीकडे उठावंच लागतं. उठणं गेलं की माणसाचं स्वावलंबन गेलं, आणि सांभाळणाऱ्याचं काम दुप्पट झालं.

म्हणून आमच्याकडे रोजची सुरुवात उठण्यानेच होते. सासूबाई आधी बूड पुढे सरकवतात, खुर्चीच्या अर्ध्यापर्यंत येतात. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घेतात. दोन पावलांत टीचभर अंतर. मग पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण पडायची भीती वाटते आणि माणूस मागे रेलूनच उठायला बघतो. वजन मागे असेल तर मांड्या कितीही दमदार असल्या तरी बूड सुटत नाही. पुढे झुकलं की ते आपोआप हलकं होतं. मग टाचा जमिनीत दाबत श्वास सोडत उठायचं. बसताना घाई अजिबात नाही. खुर्ची दोन्ही पोटऱ्यांना मागून लागली की मगच सावकाश खाली. धपकन बसायचं नाही, तो सावकाश उतरण्याचा भागच मांड्यांना ताकद देतो.

खुर्चीबद्दल: चाकाची नको, फिरणारी नको, सोफा नको. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते, तीही नको. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची किंवा लोखंडी घडीची खुर्ची उत्तम. पाठ भिंतीला टेकवून ठेवायची, खाली जुनी योगा मॅट अंथरायची म्हणजे पाय सरकत नाहीत. सासूबाई उंचीने कमी असल्यामुळे त्यांचे पाय लोंबकळायचे. पायाखाली देवघरातला जादा पाट ठेवला आणि एकदम फरक पडला. पाय पक्के टेकले की पाठ आपोआप ताठ होते. मात्र उठायच्या वेळी पाट काढायचा, त्यावर उभं राहायचं नाही. मोजे घालून करू नका, अनवाणी किंवा चांगली पकड असलेली चप्पल.

बाकीचा क्रम साधा आहे. घोटे फिरवणं, टाचा-चवडे आळीपाळीने उचलणं, एकेक पाय गुडघ्यात सरळ करून मांडी घट्ट आवळणं. खुर्चीतलं ताडासन, म्हणजे हात वर. खांदा दुखत असेल तर फक्त कपाळापर्यंत. गुडघ्यांवर हात ठेवून पाठीचं मार्जारासन, श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ मागे. थोडासा पीळ, खुर्चीची पाठ धरून. मग उभं राहून, खुर्चीची पाठ धरून, टाचा वर-खाली आणि जमेल तितका वेळ एका पायावर तोल. शेवटी डोळे मिटून भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं. ऐकू कमी येत असूनही भ्रामरी त्यांना फार आवडते, कारण ती कानापेक्षा कवटीत जाणवते.

फरक काय पडला? गुडघेदुखी गेली असं मी म्हणणार नाही, झीज आहे ती आहेच. पण संडासात आत गेल्या की आता मला हाक मारत नाहीत. स्वतः उठतात. आमच्या घरात याचं मोल काय आहे ते मलाच माहीत.

तुमचे अनुभव, शंका, सुधारणा सगळं लिहा.

---

कोकणकन्या

मुक्ताताई, फार गरजेचा विषय. उठण्याचं वर्णन आईला वाचून दाखवलं, ती लगेच करून बघते म्हणाली!

एक शंका. आई ८१ वर्षांची आहे, हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि मणक्याचं एक जुनं दबलेलं फ्रॅक्चर आहे. तिला मार्जारासन आणि पीळ चालेल का? व्हिडिओत सगळे जण खुर्चीतून पुढे वाकून जमिनीला हात लावताना दिसतात.

---

फिजिओ_सांगली

कोकणकन्या, तुमच्या आईंनी पुढे वाकून जमिनीला हात लावायचा नाही. मार्जारासनातला पाठ गोल करण्याचा भागही नाही आणि जोर लावून पीळही नाही. ठिसूळ हाडांत मणक्याचा पुढचा भाग दबून मोडतो, आणि पाठ गोल करून पुढे वाकलं की नेमका तिथेच भार येतो. ज्यांना एक फ्रॅक्चर होऊन गेलंय त्यांना दुसऱ्याचा धोका जास्त असतो. त्यांच्यासाठी पाठ लांब ठेवणं, छाती उघडणं, खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणणं, आणि वाकायचंच झालं तर खुब्याच्या सांध्यातून वाकणं. मुक्ताताईंनी उठताना 'पाठ सरळ ठेवून कमरेतून' लिहिलंय ते म्हणूनच महत्त्वाचं. खाली पडलेली वस्तू उचलणं, चपलेचा पट्टा लावणं हेही याच नियमात बसवा. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरी जाऊन ज्येष्ठांना व्यायाम देते. या निमित्ताने आणखी काही.

काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी कुठलीही स्थिती नको, डोळ्यातला दाब वाढतो. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सर्जनने घातलेली बंधनं पाळायची. बहुतेकदा ती अशी असतात: मांडी आणि धड यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी करायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. त्यांना बुटकी खुर्ची तर अजिबात देऊ नका. गुडघा बदललेल्यांना मात्र खुर्चीवरचा अभ्यास बहुधा चांगला मानवतो.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत एक गोष्ट हमखास राहून जाते. बसल्याचं उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहिल्यावर दाब उतरणं म्हणतात, आणि घरातल्या पडझडीमागे ते मोठं कारण असतं. सकाळी उठल्या उठल्या चक्कर येते असं सांगणाऱ्यांचा दाब आधी बसून, मग उभं करून मोजा. अशांनी उठण्याआधी घोटे आणि पोटऱ्या चांगल्या हलवाव्यात, उठल्यावर खुर्ची धरून थोडं थांबावं आणि मगच पाऊल टाकावं. बाथरूमला जायच्या घाईत हेच विसरलं जातं.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सांगते. साधारण १७ इंच उंचीची बिनहाताची खुर्ची भिंतीला लावा. हात छातीवर घडी. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. ८० ते ८४ वयात हेच आकडे ९ आणि १० आहेत. उठताना हात वापरावे लागले तर गुण शून्य. शून्य आला म्हणून घाबरायचं नाही, तिथून सुरुवात करायची. पण तपासणीच्या वेळी शेजारी कुणीतरी उभं असलंच पाहिजे.

---

जुना_साधक

धागा उपयुक्त आहे, पण एक मत नोंदवतो. खुर्चीत बसून हातपाय हलवणं हा चांगला व्यायाम आहे. त्याला योग म्हणावं का याबद्दल मला शंका आहे. मी पस्तीसएक वर्षं आसन-प्राणायाम करतो. आसनात स्थिरता असते, श्वासाकडे लक्ष असतं, मन आत वळतं. इथे उठण्या-बसण्याचे आकडे आणि मांडीचे स्नायू यांचीच चर्चा दिसते. ज्येष्ठांना तर मनाच्या शांतीची गरज अधिक. ते अंग सुटू नये एवढंच म्हणणं.

---

मॉडेल_कॉलनीकर

साधकजी, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण खुर्चीमुळे ते अंग सुटतं असं नाही. उलट खुर्ची योगाच्या वर्गात आणण्याचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालं. बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात आले. १९७५ साली त्यांनी मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार योग संस्था उभी केली. तिथे गेलेल्यांना आठवत असतील त्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. त्यांच्या पाठीचा पत्रा काढलेला असतो, नुसती चौकट ठेवलेली, म्हणजे त्यातून पाय घालून उलटं बसता येतं. पट्टे, लाकडी विटा, लोड, भिंतीचे दोर, आणि या खुर्च्या. ज्याला आसन जमत नाही त्याने ते सोडून द्यायचं असा विचारच तिथे नव्हता. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर जमीन वर आणायची, खुर्ची लावायची, दोर बांधायचा. आणि आधार मिळाला की माणूस त्या स्थितीत जास्त वेळ शांत राहू शकतो, म्हणजे तुम्ही म्हणता ती स्थिरता साधते.

खुर्चीवरचं भारद्वाजासन मी तिथेच शिकलो. खुर्चीत आडवं बसायचं, म्हणजे खुर्चीची पाठ आपल्या उजव्या हाताला येईल असं. दोन्ही गुडघे सारखे पुढे. मग दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून, आधी श्वास घेत उंच व्हायचं आणि सोडत वळायचं. डावा गुडघा पुढे पळतो, तो पळू द्यायचा नाही. तेवढ्या एका सूचनेने सगळा पीळ कमरेतून वर, फासळ्यांत जातो. मन इकडेतिकडे जायला जागाच उरत नाही. (ठिसूळ हाडं असणाऱ्यांनी वरचा फिजिओताईंचा इशारा लक्षात ठेवावा.)

अमेरिकेत 'चेअर योगा' या नावाने जी पद्धत पसरली, ती लक्ष्मी व्होल्कर या शिक्षिकेने १९८० च्या दशकात सुरू केली. संधिवातामुळे खाली बसू न शकणाऱ्या विद्यार्थिनीसाठी केलेली सोय, असा तिचा उगम. दोन्ही प्रवाहांची गरज एकच होती.

एक कळकळीची विनंती. खुर्चीवरचं सर्वांगासन, खुर्चीतून मागे झुकणं वगैरे इंटरनेटवर बघून घरी करू नका. ते वर्गात, जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीच.

---

फिजिओ_सांगली

साधककाका, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडूनही थोडी जोड. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) असलेल्या १३१ ज्येष्ठांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला ८ आठवडे, आठवड्यातून २ वेळा, ४५ मिनिटं खुर्चीवरचा योग. दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक माहितीचे वर्ग. योग करणाऱ्यांत दुखण्यामुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा जास्त कमी झाला आणि तो फायदा पुढे ३ महिने टिकला. थकवा आणि चालण्याचा वेग यांतही सुधारणा होती, पण वर्ग थांबल्यावर ती टिकली नाही. मला यातलं शेवटचं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. सोडलं की गेलं. म्हणून घरात कुणीतरी सोबत करणारं असणं, जे मुक्ताताई म्हणतात, ते निम्मं औषध आहे.

प्राणायामाबद्दल: रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी श्वास रोखून धरायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे प्रकार टाळायचे. लांब श्वास सोडणं, भ्रामरी, सावकाश अनुलोम-विलोम चालेल. आणि उठताना श्वास कोंडून जोर करायची सवय बहुतेकांना असते, ती मोडायची. उठताना आकडे मोठ्याने म्हणायला लावा, श्वास कोंडला जात नाही.

---

नाशिकचे_काका

मी ७४ वर्षांचा आहे. पत्नीला स्मृतिभ्रंश आहे. मुलगा-सून पुण्यात, इथे आम्ही दोघेच. दिवसा चार तास एक बाई येतात.

मुक्ताताई, शेजारी खुर्ची टाकण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे मात्र शेजारी नाही, समोर बसावं लागतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. हिला शब्द आता नीट पोचत नाहीत. "उजवा हात वर करा" म्हटलं तर ती गोंधळते, कधी चिडते. पण मी माझा हात वर नेला की तिचा हात येतो. आरशासारखा, म्हणजे माझा डावा तर तिचा उजवा. सूचना एकच, आणि तीही हाताची. मध्ये बोललो की तंद्री मोडते.

ती पूर्वी भजनी मंडळात होती. म्हणून मी टाळीने सुरुवात करतो. आधी टाळी, मग टाळी डोक्यावर, मग गुडघ्यांवर, मग पाय आपटणं. ठेका लागला की ती दहा-बारा मिनिटं सहज करते. संध्याकाळी तिची बेचैनी वाढते, सारखी दाराशी जाते, "घरी जायचंय" म्हणते. त्या वेळेच्या आधी, साधारण साडेचारला, आम्ही हे करतो. रोज बेचैनी थांबते असं नाही. पण जेव्हा थांबते तेव्हा ती माझे हात धरून नुसती बसून राहते, आणि त्या वेळी ती मला ओळखते आहे असं मला वाटतं.

माझ्यासाठी वेगळं काय करतो तेही सांगतो. दुपारी ती झोपली की मी जमिनीवर पाठीवर पडतो आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवतो. गुडघे काटकोनात. डोक्याखाली घडी केलेली चादर. डोळ्यांवर पंचा. कंबर पूर्ण जमिनीला टेकते. या स्थितीत पंधरा-वीस मिनिटं मला रात्रीच्या दोन तासांच्या झोपेइतकी लागू पडतात, कारण रात्री झोप तुकड्यातुकड्यांनीच मिळते. खाली बसून उठता येणाऱ्यांनी जरूर करावं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग खुर्चीचा आधार.

सांभाळणाऱ्या माणसांनी याला चैन समजू नये, एवढं मी हात जोडून सांगतो. मी आजारी पडलो तर हिला कोण बघणार?

---

कोकणकन्या

काका, काय लिहू. नमस्कार करते तुम्हाला.

---

मुक्ता_ठाणे

काका, समोर बसण्याचं तुम्ही सांगितलंत ते मी पुढे जपून ठेवणार आहे. शेजारी की समोर हे माणसावर अवलंबून, हे अगदी पटलं. आणि एक सुचवू का? ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. नाशिकमध्ये दिवसाची सोय, आधारगट वगैरे काही आहे का याची चौकशी तिथे करता येईल. तुम्हाला चार तासांपेक्षा जास्त मदत मिळायला हवी.

---

सीमा_ड्युटीवाली

मी ब्यूरोमार्फत पेशंट सांभाळते, बारा तासांची ड्युटी. ही लिंक मला पेशंटच्या मुलीने पाठवली. आमच्यासारख्यांची बाजू पण लिहिते.

आमच्यापैकी निम्म्या बायकांची कंबर चाळिशीतच गेलेली असते. कारण पेशंटला बगलेत हात घालून ओढतात. त्याने पेशंटचा खांदा पण दुखतो, विशेष करून पॅरालिसिसवाल्यांचा. मी एका फिजिओ मॅडमकडून बघून शिकले. पेशंटला आधी पुढे सरकवायचं, त्याचे पाय मागे घ्यायचे, आपण समोर एक पाय पुढे एक मागे ठेवून गुडघ्यांत वाकायचं. हात त्याच्या कमरेला, पट्टा असेल तर पट्ट्याला. त्याने माझी मान धरायची नाही, माझ्या दंडाला धरायचं. मग "एक, दोन, तीन" दोघांनी मिळून म्हणायचं आणि तीनला मागे-पुढे होऊन उठायचं. पेशंटने जेवढा जोर लावला तेवढा माझा वाचला. इथे खुर्चीवरून उठायचं शिकवलंय ते पेशंटला येत असेल तर आमचं काम खरंच अर्धं होतं. माझे आत्ताचे आजोबा तीन म्हणायच्या आधीच जोर लावतात, इतके तरबेज झालेत.

एका घरी मला बसायला खुर्चीच नव्हती, बारा तास पेशंटच्या पलंगाच्या कडेवर बसायचं. व्यायाम तर दूरच. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात म्हणून सांगते, सांभाळणाऱ्या बाईला एक नीट खुर्ची द्या आणि पेशंटबरोबर दहा मिनिटं हातपाय हलवू द्या. बसलीये म्हणून बोलू नका. ते पण कामच आहे.

---

मुक्ता_ठाणे

सीमाताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. घरी केअरटेकर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रतिसाद वाचावा. मान धरू न देण्याचा मुद्दा मला नवीन होता.

---

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत, आई-बाबा कोल्हापुरात. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. बहीण जवळ राहते पण तिची नोकरी. इथे आमच्या गावच्या सीनियर सेंटरमध्ये आठवड्यातून दोनदा चेअर योगाचा वर्ग असतो, सासरे जातात, त्यांना खूप फायदा आहे. आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर करून घ्यायचं मनात आहे. कुणी केलंय का? बाबांना पार्किन्सन्स आहे, सुरुवातीचा.

---

फिजिओ_सांगली

नक्की करा. फोन टेबलावर उभा ठेवा, साधारण सात-आठ फुटांवर, म्हणजे खुर्ची आणि पावलं दोन्ही दिसतील. बहुतेक जण चेहरा दिसेल असा फोन लावतात आणि नेमके पाय दिसत नाहीत. पहिले काही वर्ग बहीण घरात असतानाच घ्या. उभं राहून करायचे प्रकार कुणी जवळ नसताना कॉलवर घेऊ नका, बसूनच करा.

बाबांसाठी: गोळीचा असर चांगला असतो ती वेळ निवडा. पार्किन्सन्समध्ये हालचाली हळूहळू आखडत लहान होतात आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. त्यामुळे त्यांना "हात वर" पेक्षा "छताला हात लावा", "मोठ्ठं पाऊल" असं सांगा. आवाजही मोठा काढायला लावा, आकडे खणखणीत. छातीचा भाग ताठर होतो, त्यामुळे बसून हळू पीळ आणि हात पसरून छाती उघडणं रोज हवंच. उठताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर मागून ढकलायचं नाही, हात धरून ओढायचंही नाही. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर डोलवायचं आणि मग पाऊल.

---

डोंबिवली_फास्ट

वर्ग कुठे मिळतील? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात योगवर्ग आहे पण सतरंजीवरचा.

---

मुक्ता_ठाणे

संघालाच विचारा. आमच्याकडे विरंगुळा केंद्रात खुर्च्या होत्याच, मागणी केल्यावर शिक्षिकेने मागच्या रांगेत खुर्च्यांवर बसणाऱ्यांना तेच आसन कसं करायचं ते सांगायला सुरुवात केली. वेगळा वर्ग लागलाच नाही. योगसंस्थांकडेही चौकशी करा, ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आहे, लोणावळ्याला कैवल्यधाम, पुण्यात वर उल्लेख आलेली अय्यंगार संस्था. शिक्षक निवडताना मी एकच गोष्ट बघते: पहिल्याच दिवशी त्यांनी आजार, औषधं, शस्त्रक्रिया, पडल्याचा इतिहास विचारला का? न विचारता "सगळ्यांनी हात वर" सुरू झालं तर मी तिथे सासूबाईंना पाठवणार नाही.

---

जुना_साधक

मॉडेल कॉलनीकर आणि फिजिओताई, दोघांचेही आभार. खुर्चीची पाठ बाजूला घेऊन भारद्वाजासन करून पाहिलं. डावा गुडघा पळतो हे खरंच. नाशिकच्या काकांचा प्रतिसाद वाचल्यावर माझी शंका राहिली नाही. आमच्या सोसायटीत सात-आठ ज्येष्ठ एकटे आहेत. क्लब हाउसमध्ये खुर्च्या आहेत, सकाळी नऊनंतर जागा रिकामी असते. मी त्यांच्यासाठी वर्ग सुरू करायचा विचार करतो आहे. किती वेळ आणि आठवड्यातून किती वेळा ठेवावा?

---

फिजिओ_सांगली

काका, फारच छान! सुरुवात २० मिनिटांपासून करा, हळूहळू ४० पर्यंत न्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की ६५ च्या पुढे तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस हवा. त्यामुळे तीन दिवस ठेवा. नाश्ता होऊन तासभर तरी गेलेला असावा, मधुमेह असणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर किंवा बिस्कीट असावं. छातीत दुखणं, दम लागणं, गरगरणं, अचानक अशक्तपणा यांपैकी काहीही झालं तर त्या क्षणी थांबवायचं आणि डॉक्टर. नातेवाइकांचे फोन नंबर लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर प्रत्येकाच्या घरच्या माणसालाही बोलवा.

---

कोकणकन्या

अपडेट द्यायला आले. आईच्या डॉक्टरांना दाखवून विचारलं. त्यांनी पुढे वाकणं आणि पीळ दोन्हीला नाही सांगितलं, बाकी सगळ्याला होकार. ओट्याला धरून टाचा वर-खाली, खांद्याची पाती मागे, आणि खुर्चीतून उठणं, एवढंच करतो आम्ही दोघी. खुर्चीतून आता बरं जमतंय, पण पलंगावरून उठताना अजूनही तिला माझा हात लागतो. पलंग जुना, बुटका आहे आणि गादी कापसाची, मधोमध खोल गेलेली.

---

फिजिओ_सांगली

अडचण आईंची नाही, पलंगाची आहे. बसल्यावर खुबे गुडघ्यांपेक्षा खाली जातात म्हणून उठता येत नाही. पलंगाच्या चारही पायांखाली सुताराकडून खोबणीचे लाकडी ठोकळे करून घ्या, पाय त्या खोबणीत बसले पाहिजेत, नुसत्या विटा ठेवू नका. उंची इतकी वाढवा की कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि खुबे गुडघ्यांच्या किंचित वर राहतील. गादी पिंजून घ्या किंवा कडेला घट्ट गादी टाका. झोपेतून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडत हाताने रेटून बसायचं, सरळ उठून बसायचं नाही, त्याने मणक्यावर ताण येतो. बसल्यावर घोटे हलवून थोडं थांबायचं आणि मग खुर्चीतून उठतात तसंच उठायचं. ठोकळे बसवले की कळवा, कमोडच्या उंचीचंही बघू.